अंगावरचं पित्त पोटातून येत नाही

निफाडकडचा पारा उतरला की नाशिकात पहाटे गाडीवर निघणाऱ्यांच्या हातांवर लाल, खाजऱ्या गांध्या उठतात. घरात निदान तयारच असतं: ‘पित्त झालंय, तिखट बंद कर, आमसुलाचं पाणी चोळ.’ मग ॲसिडिटीची गोळी.

घोळ ‘पित्त’ या शब्दाचा आहे. जठरातल्या आम्लामुळे गांध्या येत नाहीत. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि कातडी फुगते. गार वारा, एखादं औषध, कधी साधा विषाणूसंसर्ग एवढं निमित्त पुरतं.

गंमत म्हणजे आयुर्वेदही पोटाकडे बोट दाखवत नाही. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्ताचं, म्हणजे याच अंगावरच्या पित्ताचं, कारण गार वाऱ्याचा स्पर्श असं दिलंय. त्याने कफ आणि वात बिघडतात, पित्त त्यांच्या सोबतीला. नावातच ‘शीत’ आहे, पण आपण ते ऐकतच नाही! म्हणून वैद्य हळदीचा हरिद्राखंड देतात, नुसती पित्तशामकं नाहीत.

मग आमसुलाने बरं कसं वाटतं? ओल्या गारव्याने खाज शमते. शिवाय एकेक गांधी बहुधा 24 तासांच्या आत आपोआपच मावळते. श्रेय आमसुलाला. थंडीनेच गांध्या उठत असतील, तर हेच गार पाणी उलटंही पडतं.

ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर मात्र काढा उकळत बसू नका, 108 लावा. सहा आठवड्यांनंतरही गांध्या येतच राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. वैद्यांचं औषध चालू असेल तर तेही त्यांना सांगा.