चिमणी पाडली, पण ढगांचं काय?

होटगी रोडवरच्या विमानतळाचा विषय निघाला की सोलापुरात अजूनही आधी चिमणी निघते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानांच्या वाटेत येणारी सुमारे ९० मीटर उंचीची ती चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचंही. आता तक्रार बदलली आहे. आभाळ भरून आलं किंवा सकाळी धुकं धरलं आणि विमान लांबलं, की कट्ट्यावरचा प्रश्न ठरलेला: चंद्रावर यान उतरवतो आपण, मग एवढी यंत्रं असताना ढगातून खाली यायला काय होतं?

प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातले बरेच धडे मोठ्या कंपन्यांच्या आधी छोट्या विमानांतल्या वैमानिकांनी गिरवले आहेत.

सुरुवात कानापासून होते. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव आपल्याला वळण जाणवून देतो. पण वळण अगदी हळू असेल तर त्याला पत्ताच लागत नाही, आणि एकाच गतीने बराच वेळ वळत राहिलं की तो स्थिरावतो. मग वळण थांबवलं की उलट दिशेला फिरल्याचा भास होतो. जमिनीवर डोळे ही चूक लगेच दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा असतो. अमेरिकी लष्करातला वैमानिक विल्यम ऑकर १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकीय तपासणीला गेला. डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसवल्यावर डॉ. डेव्हिड मायर्स यांच्या प्रश्नांना त्याने साफ चुकीची उत्तरं दिली. खुर्ची थांबली तरी तो म्हणे उलटा फिरतोय. पठ्ठ्या नंतर परत गेला तो एक खोकं घेऊन. खोक्यात वळणदर्शक यंत्र आणि विजेरी. चेहरा खोक्याला लावून, फक्त काट्याकडे बघत त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. डॉक्टर चाट पडले. शरीराला काय वाटतं ते बाजूला ठेवून काट्यावर विश्वास टाकायचा, हे तिथे पहिल्यांदा प्रयोगाने दिसलं. तोवर ‘चांगला वैमानिक बुडाखालच्या जाणिवेने उडतो’ ही समजूत पक्की होती.

२४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटलने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर पडद्याने झाकलेल्या कॉकपिटमधून विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. पुढच्या आसनावर दुसरा वैमानिक होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. विमान किती कललंय ते दाखवणारं स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक गायरो (गरगर फिरणाऱ्या चाकावर चालणारं यंत्र) आणि कोल्समनचा अचूक उंचीमापक ही त्या दिवसाची हत्यारं. (आपल्याकडे जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला मिळाला.)

यंत्रं आली म्हणून सगळ्यांना ती वाचता आली असं नाही. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेले २० जण निवडले आणि त्यांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान हाती दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सर्वात लवकर २० सेकंदांत, सर्वात उशिरा ४८० सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत. एकोणीस जण एकाच सापळ्यात अडकले: विमान नकळत एका पंखावर कलतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. वैमानिक घाबरून दांडी ओढतो, त्याने गिरकी आणखी घट्ट होते. त्या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्याच लोकांना थोडंसं शिक्षण दिल्यावर ढगातून मागे वळून बाहेर पडणं ६० पैकी ५९ वेळा जमलं. माझ्या मते आकडा सांगायचाच तर हा सांगावा. १७८ ने नुसती भीती बसते.

सोलापूरच्या ढगांत मुद्दाम शिरणारी विमानंही आपण पाहिली आहेत. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाचा प्रयोग इथे केला. ती दोन इंजिनांची, त्यासाठी सज्ज केलेली विमानं होती आणि वैमानिक त्या कामात मुरलेले. त्याच ढगाखाली एकट्याने छोटं विमान घेऊन आलेल्या खासगी परवानाधारकाला कायदा वेगळं सांगतो. नुसत्या नजरेवर, म्हणजे व्हीएफआरने उडायचं तर १०,००० फुटांखाली किमान ५ किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे, आणि नियंत्रित हवाई क्षेत्रात ढगापासून आडवं १,५०० मीटर व उभं ३०० मीटर अंतर हवं. त्याहून कमी असेल तर आयएफआर, म्हणजे यंत्रांवरचं उड्डाण. त्याला वैमानिकाकडे वेगळं रेटिंग, म्हणजे परवान्यावरची जादा पात्रता लागते, विमानात साधनं लागतात आणि जमिनीवरही तयारी लागते.

ही जमिनीवरची तयारी कट्ट्यावरच्या प्रश्नात नेहमी निसटते. ढगातून उतरण्याची वाट आधी कोणीतरी आखावी लागते. आजूबाजूचे मनोरे, टाक्या, चिमण्या, टेकड्या मोजून कुठपर्यंत खाली यायचं ते ठरतं. त्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर मुकाट वर जायचं. आयएलएसची, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीपर्यंतची वाट दाखवणारी, साधी, पहिल्या श्रेणीची यंत्रणा असली तरी निर्णयाची उंची धावपट्टीपासून २०० फूट, म्हणजे ६० मीटर. आपली चिमणी याच्या दीडपट होती. आयएलएस नसेल तर ही मर्यादा आणखी वर जाते.

आता बिघाडांकडे येऊ, कारण निम्मे नियम त्यांच्यातून जन्मले. जुन्या सेसनासारख्या छोट्या विमानात समोर सहा तबकड्या असतात. वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणाऱ्या तिघी हवेच्या दाबावर चालतात. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक इंजिनावरच्या निर्वात पंपावर, वळणदर्शक विजेवर. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे, एक स्रोत गेला तरी सगळं एकदम जाऊ नये म्हणून. पंपातली कार्बनची पाती फारशी सूचना न देता तुटतात. पण आतला गायरो लगेच थांबत नाही. भोवरा मरायला लागला की जसा डोलतो, तसं क्षितिज सावकाश कलू लागतं. ढगात बसलेल्या माणसाला वाटतं विमानच कललं, आणि तो खोट्या क्षितिजाला सरळ करायला खऱ्या विमानाला वाकडं करतो. म्हणून प्रशिक्षक त्या दोन तबकड्या झाकून उरलेल्यांवर विमान सांभाळायला लावतात.

मोठ्या विमानांनाही हे सुटलेलं नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं आणि त्यांनी विमान डावीकडे झुकवत नेलं. बाहेर काळा समुद्र, काळं आभाळ, क्षितिजाची रेघ कुठेच नाही. सहवैमानिकासमोर दुसरं क्षितिज होतं, मधे तिसरं राखीवही होतं. एकाच तबकडीवर नजर खिळू द्यायची नाही, ही सवय तेव्हापासून अधिक कडकपणे घोटून घेतली जाते.

दुसरी गोष्ट आपल्या खिडकीच्या चौकटीत मातीची घरटी करणाऱ्या कुंभारीण माशीच्या जातभाईंची. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेल्या बर्गेनएअरच्या बोइंग ७५७ ची वेग मोजणारी पिटो नळी बुजलेली होती. विमान काही दिवस उभं असताना नळ्यांवर टोप्या नव्हत्या, आणि अशाच एखाद्या माशीने आत माती भरली असावी असा तपासाचा कयास होता. नळी अशी पूर्ण बुजली की चढताना वेग वाढतोय असं तबकडी दाखवते. प्रत्यक्षात तो घटत गेला. १८९ मृत्यू.

अशा अनुभवांतून आलेले नियम रूक्ष वाटतात. अमेरिकेत यंत्रांवर उडणाऱ्या विमानाची उंचीमापक यंत्रणा २४ महिन्यांत एकदा तपासलेली असावी लागते, आणि उड्डाणात दिशादर्शन किंवा रेडिओचं साधन बिघडलं तर नियंत्रकाला तातडीने कळवावं लागतं. विमानात काही बंद पडलेलं असेल आणि तरीही ते उडवण्यास पात्र असेल, तर ते साधन निकामी करून त्यावर तशी चिठ्ठी चिकटवायची. रेडिओच गेला तर ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा खुणेचा आकडा लावायचा. नजरेवर उडत असाल तर तसंच उडत राहून जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं. ढगात असाल तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शेवटचा ठरलेला वेग आणि उंची ठरावीक मिनिटं राखायची, रडारची नजर असेल तिथे ७ आणि एरवी २०, आणि मग दिलेल्या उड्डाण आराखड्याप्रमाणे पुढे जायचं. तुमचा आवाज बंद झाला तरी तुम्ही कुठे असाल याचा अंदाज खालच्या माणसाला करता यावा, एवढ्यासाठी ही शिस्त.

भारतात हे सगळं १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ च्या विमान नियमांच्या आधाराने आलं. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. खासगी परवान्याला ४० तासांचं उड्डाण लागतं. यंत्रांवरच्या रेटिंगसाठी ४० तास फक्त यंत्रांवर, त्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर, शिवाय ५० तासांचा लांब पल्ल्याचा अनुभव. ते रेटिंग टिकतं एक वर्ष, मग पुन्हा परीक्षा. हौसेने उडणाऱ्याला हा खर्च आणि वेळ दोन्ही जड जातात. ज्याच्याकडे ते नाही, त्याने सोलापूरवर ढग उतरलेले पाहिले तर बारामतीकडे किंवा निघाला तिकडे परत वळायचं. इलिनॉयच्या त्या वीस जणांना नेमकं हेच शिकवलेलं होतं.