नावं टाकण्याआधी जागा दाखवा
सामायिक बागेत प्लॉट पाडून घेणाऱ्या गटांसाठी माहितीपत्रक

मोकळी जागा मिळाली, माणसं जमली, आता प्रत्येकाला भाजी लावायला प्लॉट पाडून द्या, असं म्हणत बरेच गट आमच्याकडे येतात. अशा बागांची आखणी आम्ही करून देतो. येताना नकाशा आणतात. त्यावर चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात एक नाव लिहिलेलं असतं. चौकोन आम्ही हवे तितक्या वेळा बदलून देऊ. नावं बदलणं आमच्या हातात नसतं, आणि सगळा उशीर तिथेच होतो.

हिशेब बहुधा असा केलेला असतो: जागा १००० चौरस मीटर, प्लॉट २५ चौरस मीटरचा, म्हणजे ४० प्लॉट. पण माणसं चालणार कुठून? टाकी, अवजारांची खोली, कंपोस्टचे हौद, हातगाडी वळवायला जागा, हे सगळं त्याच १००० मीटरांत बसवायचं असतं. आमच्या आराखड्यांत यासाठी साधारण ३० टक्के जागा जाते. उरलेल्या ७०० चौरस मीटरांत २८ प्लॉट होतात. म्हणजे ज्यांना प्लॉट मिळाला असं कळवून झालंय, त्यांतल्या १२ जणांना आता नाही म्हणावं लागतं. कुणी बियाणं आणलेलं असतं, कुणी घरी रोपं वाढवलेली असतात. या १२ जणांच्या समजुतीत जितके दिवस जातात, तितके आम्हाला आखणीलाही लागत नाहीत.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही ‘प्लॉट किती?’ याचं उत्तर देत नाही. तो टाळाटाळीचा भाग नाही. ऊन, पाणी आणि माती पाहिल्याशिवाय दिलेला आकडा पुढे तुम्हालाच मागे घ्यावा लागतो.

ऊन

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, एक जागा पाहायला सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे तीन वेळा का येता? शहरात जागेला चारही बाजूंनी काहीतरी उभं असतं, म्हणून. सूर्य ४५ अंशांवर असेल तर १२ मीटर उंच इमारतीची सावली १२ मीटर पडते. तोच ३० अंशांवर उतरला की सावली सुमारे २१ मीटर होते. शिवाय ऋतूनुसार दुपारची सावलीसुद्धा लांबते. उत्तर गोलार्धात ती २१-२२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब असते. उन्हाळ्यात पाहिलेली जागा थंडीत तशी राहत नाही, म्हणून दुसऱ्या ऋतूतली सावली आम्ही गणिताने काढून नकाशावर दाखवतो.

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी अशा फळभाज्यांना दिवसाला किमान ६ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ३-४ तासांवर निभावतात.

एका गटाने आमच्याकडे येण्याआधीच चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते आणि एक हंगामही काढला होता. भिंतीलगतच्या ओळीत एका बाईंची टोमॅटोची रोपं छातीपर्यंत वाढली होती, पानं हिरवीगार, फळं मात्र मोजून सहा. त्यांनी तीन वेळा खत बदललं होतं. आम्ही दुपारी दोनला सावलीच्या कडेवर फक्कीची रेघ मारली, चारला पुन्हा मारली. दुसरी रेघ पलीकडच्या ओळीच्या मध्यावर आली. बाई रेघेजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.” ती ओळ कंपोस्ट, अवजारं आणि पालेभाज्यांच्या सामायिक वाफ्यांसाठी काढून घ्यायला हवी होती. पाहणी एका दिवसात झाली, पण त्या ओळीतल्या लोकांना दुसरीकडे जागा देईपर्यंत अडीच महिने गेले.

पाणी

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि तरीही तो कुणी करत नाही. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हात भरलेल्या वाफ्याला दिवसाला ४-५ मिलिमीटर लागतं. २५ चौरस मीटरचा प्लॉट पूर्ण लावलेला असेल तर १०० ते १२५ लिटर, आणि २८ प्लॉट मिळून ३००० लिटरच्या आसपास. आता १० लिटरची झारी घ्या. एका प्लॉटला १२ झाऱ्या धरल्या आणि नळ ५० मीटरवर असला, तर जाऊन-येऊन १२०० मीटर चाल होते, त्यातली निम्मी भरलेली झारी उचलून. वयस्कर सभासद महिन्याभरात येईनासे होतात ते कंटाळ्याने नव्हे, या झारीमुळे. आम्ही कोणताही प्लॉट नळापासून २० मीटरपेक्षा लांब ठेवत नाही. यात पाइप थोडा जास्त जातो आणि अंदाजपत्रकावर प्रश्न येतो. तो पाइप कमी करू नका, ही आमची विनंती आहे. जमिनीवर आच्छादन घातलं की पाणी कमी लागतं, पण नळाचं अंतर कमी होत नाही.

प्लॉट केवढा?

काही जण विचारतात, परदेशात मोठे प्लॉट देतात, तुम्ही एवढासा का सुचवता? ब्रिटनमधला पारंपरिक प्लॉट १० रॉडचा (रॉड हे तिथलं जुनं माप), म्हणजे साधारण २५० चौरस मीटरचा, हे खरं आहे. तो एका कुटुंबाची भाजी पिकवण्याच्या हिशेबाने ठरलेला. आज तिथेही बऱ्याच ठिकाणी तो अर्धा करून देतात. नोकरी करून आठवड्याला ३-४ तास देणाऱ्या माणसाला २५ चौरस मीटर पुरतात. ५ बाय ५ मीटरमध्ये १.२ मीटर रुंदीचे ३ वाफे आणि मध्ये ४५ सेंटिमीटरच्या दोन वाटा नीट बसतात. १.२ मीटर एवढ्यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. पाय पडला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

मुख्य वाट १.२ मीटरपेक्षा अरुंद मागू नका. शेणखताने भरलेली हातगाडी आणि समोरून येणारा माणूस दोघांनाही तिथून जायचं असतं.

माती

शहरातल्या मातीखाली बहुधा राडारोडा निघतो, तो दिसतो तरी. शिसं दिसत नाही. जुना रंग आणि पूर्वीचं शिसेयुक्त पेट्रोल यांतून ते मातीत उतरलं की तिथेच राहतं. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू (पीएच) कळतो, शिसं कळत नाही. ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. जागेच्या १०-१५ ठिकाणांहून वरच्या १५-२० सेंटिमीटर थरातली माती घेऊन, मिसळून आम्ही नमुना पाठवतो. अहवालात शिसं जास्त आलं तर बाहेरची चांगली माती भरून किमान ३० सेंटिमीटर उंचीचे वाफे करतो, आणि मूळभाज्या व पालेभाज्या फक्त त्यातच घ्यायला सांगतो. अहवाल हाती येईपर्यंत आम्ही खुंट्या ठोकत नाही. एवढ्यावरून एक-दोन कामं आमच्या हातून गेली आहेत, तरी ही पद्धत आम्ही बदललेली नाही.

येताना काय आणावं

जागेची मोजणी, पाण्याच्या जोडणीची माहिती आणि आधी त्या जागेवर काय होतं हे जुन्या रहिवाशांकडून विचारून आणलेली माहिती, एवढं पुरे. गॅरेज होतं की गोदाम होतं, हे कळलं तर मातीचा अर्धा प्रश्न सुटतो. इच्छुकांची यादी जरूर करा, पण ती प्रतीक्षायादी म्हणून ठेवा आणि लोकांना तसंच सांगा. जागेवर सुतळी बांधून झाली की प्रत्येक प्लॉटला किती तास ऊन आणि नळ किती मीटरवर, याची पाटी आम्ही लावून देतो. चिठ्ठ्या त्या दिवशी, त्याच जागेवर उभं राहून टाका. आमचा एक माणूस त्या वेळी तिथे थांबेल. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.