रॅकेटबॉलची महिला एकेरी : उसळी, फिरकी आणि डोंगरावरची हवा

स्क्वॉशसारख्या, भिंतींनी बंद कोर्टात खेळायच्या रॅकेटबॉलचा चेंडू १०० इंचांवरून सोडला, तर तो ६८ ते ७२ इंच उसळलाच पाहिजे असा नियम आहे. ही चाचणी ७० ते ७४ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २१ ते २३ अंश सेल्सिअसला करायची. तितक्याच उंचीवरून टेनिसचा चेंडू ५३ ते ५८ इंच उसळतो. स्क्वॉशचा दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू खेळून गरम झाला तरी ३३ इंचांच्या वर जात नाही. आपल्याकडे जिमखान्यात स्क्वॉश पाहिलेल्यांना रॅकेटबॉलचं कोर्ट ओळखीचं वाटेल, पण खेळ वेगळा आहे आणि त्याचं मूळ या उसळीत आहे. स्क्वॉशचा चेंडू लवकर बसतो, म्हणून त्याच्यामागे धावावं लागतं. रॅकेटबॉलचा चेंडू आपणहून बसत नाही, त्याला बसवावं लागतं. ज्या खेळाडूला हे जमतं, ती जिंकते.

कोर्ट ४० फूट लांब, २० फूट रुंद, २० फूट उंच. मागची भिंत किमान १२ फुटांची. छतसुद्धा खेळात धरलेलं असतं. स्क्वॉशमध्ये समोरच्या भिंतीला खाली पत्र्याची पट्टी असते आणि चेंडू तिच्या वरच लागावा लागतो. इथे तशी पट्टीच नाही, भिंत थेट जमिनीपर्यंत खेळायला मोकळी. चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा, पोकळ रबराचा, वजन ४० ग्रॅम. रॅकेट जास्तीत जास्त २२ इंच लांब आणि तिची दोरी मनगटाला बांधणं सक्तीचं. जो सोबेक यांनी १९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात हा खेळ सुरू केला. पहिली जागतिक स्पर्धा १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे झाली.

आधी सर्व्हिस पाहू. सर्व्हिसची जागा समोरच्या भिंतीपासून १५ ते २० फुटांच्या पट्ट्यात. चेंडूचा एक टप्पा पाडून मारायचा. तो आधी समोरच्या भिंतीलाच लागला पाहिजे आणि परत येऊन २० फुटांच्या रेषेपलीकडे पडला पाहिजे. रॅकेटवरून चेंडू ताशी १६० किलोमीटरने निघाला असं धरा. पाच मीटर पुढे जाऊन, भिंतीवर वेग गमावून, अकरा मीटर मागे यायला त्याला ढोबळ हिशोबाने अर्धा सेकंद लागतो. चेंडू दिसल्यापासून शरीर हलायला लागेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातात. राहिलेल्या ०.३ सेकंदात दोन पावलं टाकून रॅकेट खाली न्यायची. म्हणून चांगल्या खेळाडू चेंडू निघायची वाट पाहत नाहीत. समोरचीचा खांदा आणि चेंडू सोडणारा हात पाहूनच त्या अंदाज बांधतात.

वेगापेक्षाही फसवी असते ती झेड सर्व्हिस. डावीकडे उभी असलेली खेळाडू चेंडू समोरच्या भिंतीवर, उजव्या कोपऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर मारते. तो लगेच उजव्या भिंतीला लागतो, कोर्ट तिरकं कापतो, जमिनीवर टप्पा घेतो आणि मागच्या भागात डाव्या भिंतीवर आदळतो. आता तो आरशातल्या प्रकाशासारखा त्याच कोनात मागच्या भिंतीकडे जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात तो मागच्या भिंतीला जवळजवळ समांतर निघतो आणि कोपऱ्यात अडकलेल्या प्रतिस्पर्ध्याला रॅकेट फिरवायला जागाच उरत नाही.

हे घर्षणामुळे होतं. समोरच्या भिंतीवर चेंडू घासतो तेव्हा त्याला एका दिशेने फिरकी मिळते. लगेच उजव्या भिंतीवर घासताना त्याच दिशेची आणखी फिरकी मिळते. अशी दुप्पट गरगरत तो डाव्या भिंतीला भिडतो, तेव्हा भिंतीला टेकलेली बाजू पुढच्या प्रवासाच्याच दिशेने, म्हणजे मागच्या भिंतीकडे, जोरात घसरत असते. घर्षण त्याच्या उलट काम करतं आणि चेंडूची मागे जाण्याची गती जवळपास पुसून टाकतं. उरते ती भिंतीपासून सरळ बाहेर पडण्याची गती. रॅकेटने मुद्दाम काही फिरकी द्यावी लागत नाही, ती दोन भिंतीच देतात. मला या खेळातला हा सगळ्यात सुंदर क्षण वाटतो.

पण चुकायला वाव फार. चेंडू कोपऱ्यापासून दूर लागला, तर तो उजव्या भिंतीला उशिरा भिडतो, डाव्या भिंतीपर्यंत न पोचता मागच्या भिंतीवर जातो आणि तिथून प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात आयता येतो. कोपऱ्याच्या फारच जवळ मारायला जावं आणि आधी उजवी भिंत लागली, तर सर्व्हिस तिथेच गेली. टप्पा न घेता दोन्ही बाजूच्या भिंती लागल्या तर फॉल्ट.

रॅली संपवायचा हमखास मार्ग म्हणजे समोरच्या भिंतीच्या अगदी बुडाशी मारलेला किल शॉट. चेंडू छातीपाशी असताना खेळाडू थांबते, त्याला गुडघ्याखाली येऊ देते आणि मग मारते. दहा मीटरवरून, जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर, सेकंदाला ४० मीटर वेगाने अगदी आडवा मारलेला चेंडू भिंतीपर्यंत जाताना ३० ते ४० सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणच त्याला बुडाशी नेतं, रॅकेट आडवी फिरवली की झालं. नवख्या खेळाडू चेंडू खाली लागावा म्हणून रॅकेटचं तोंड खाली करतात आणि चेंडू भिंतीआधीच जमिनीला लागतो. भिंतीवर चेंडू दोन-तीन सेंटिमीटरच वर लागला, तर तो उसळतच नाही, लोळत येतो. त्यावर उत्तर नाही.

हवेचाही यात वाटा आहे. चेंडू आकाराने मोठा आणि वजनाने हलका, म्हणून हवेचा रोध त्याला चांगलाच जाणवतो. समुद्रसपाटीला दहा मीटरमध्ये तो सुमारे १७ टक्के वेग गमावतो. सपाटीपासून १,८०० मीटरवर हवा पाचव्या हिश्श्याने विरळ असते, तिथे हाच तोटा १४ टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय चेंडूच्या आत हवा कोंडलेली असते. बाहेरचा दाब कमी झाला की चेंडू आतून अधिक ताठ वाटतो आणि जास्त उसळतो. दोन्ही परिणाम एकाच बाजूला झुकतात: चेंडू वेगवान होतो आणि बसायला तयार होत नाही.

महिला एकेरीच्या अलीकडच्या इतिहासात ही उंची वारंवार भेटते. २०१८ची जागतिक स्पर्धा कोस्टारिकातल्या सान होसे इथे झाली, उंची सुमारे १,१५० मीटर. पुढची करोनामुळे लांबून २०२१ साली ग्वाटेमाला सिटीत झाली, सुमारे १,५०० मीटरवर. या दोन्ही वेळा ग्वाटेमालाच्या अ‍ॅना गॅब्रिएला मार्टिनेझने विजेतेपद घेतलं. २०२२ची स्पर्धा मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसीत, सुमारे १,८६० मीटरवर झाली. पाओला लोंगोरियाचं हे जन्मगाव. २०१२, २०१४ आणि २०१६ची जगज्जेती असलेल्या लोंगोरियाने व्यावसायिक मालिकेत सलग १५२ सामने जिंकले होते, आणि २०११पासून २०२३पर्यंतच्या चारही पॅन अमेरिकन स्पर्धांत एकेरीचं सुवर्णपदक तिचंच. तिचा खेळ पाहताना फटक्यापेक्षा पावलं पाहावीत. बहुतेक वेळा चेंडू येण्याआधी ती तिथे पोचलेली असते.

उंचीवर सगळ्यात आधी बिघडतो तो छताचा फटका. मागे अडकलेली खेळाडू चेंडू वर, समोरच्या भिंतीपासून दोन-चार फुटांवर छताला मारते. तो छत, मग समोरची भिंत, मग जमीन असा येतो आणि उंच उसळून मागच्या कोपऱ्यात उतरतो. नीट पडला तर मागच्या भिंतीपाशीच जीव सोडतो आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून खेळावं लागतं. सपाटीवर बेतलेला तोच जोर डोंगरावर वापरला, तर चेंडू मागच्या भिंतीवर आपटून कोर्टाच्या मध्यात येतो, समोरचीच्या किल शॉटसाठी अगदी तयार. म्हणून बाहेरून आलेल्या खेळाडू सराव कोर्टावर पहिल्या दिवशी ताकदीचे फटके बाजूला ठेवतात. छताचा फटका थोडा थोडा हलका करत न्यायचा, चेंडू मागच्या भिंतीपाशी पुन्हा बसायला लागेपर्यंत. ते जमलं की मग सर्व्हिसची उंची उतरवायला घ्यायची.

चष्मा मात्र पहिल्या फटक्यापासून हवा, आणि काच नसलेली नुसती चौकट चालत नाही. हा चेंडू आदळताना चेपतो आणि मोकळ्या चौकटीतून थेट डोळ्याच्या खाचेत शिरू शकतो. पॉलिकार्बोनेटची काच त्याला बाहेरच अडवते.