नेट स्लो आहे की वायफाय? कम्प्लेंट करायच्या आधी एकदा वाचा

"प्लॅन १०० एमबीपीएसचा घेतलाय आणि आतल्या बेडरूममधे मोबाईलवर २० पण येत नाही, मग पैसे कशाचे घेता?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. म्हणून नीट सांगतो.

आमची फायबर तुमच्या हॉलमधल्या राउटरपर्यंत येते. तिथून मोबाईलपर्यंत जे जातं ते वायफाय, म्हणजे रेडिओ, आणि त्याचं मूळ अमेरिकेच्या हवाई बेटांवर आहे. तिथल्या विद्यापीठाचे कॉलेज वेगवेगळ्या बेटांवर, टेलिफोन लाईन महाग आणि बेभरवशाच्या, तर प्रोफेसर नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या टीमने १९७१ साली कॉम्प्युटर रेडिओवरून जोडले, नाव ठेवलं अलोहानेट. अडचण एकच होती, पाठवायला सगळ्यांना चॅनल, म्हणजे रेडिओची पट्टी, एकच, मग कोणी कधी बोलायचं? त्यांनी ठरवलं की ज्याला पाठवायचंय त्याने सरळ पाठवावं, दोघांचं एकदम गेलं तर दोन्ही बिघडणार, पोच येणार नाही, मग प्रत्येकाने आपापला थोडा वेळ थांबून परत पाठवायचं, आणि हा थांबायचा वेळ मुद्दाम कमीजास्त ठेवायचा म्हणजे परत टक्कर व्हायची शक्यता कमी होते. इतकी साधी आयडिया, पण हिशेब केला तर चॅनलचा जेमतेम १८ टक्के वेळच कामी येतो, बाकी टकरीत आणि रिकामा जातो.

अब्रामसन यांचा पेपर बॉब मेटकाफ या इंजिनियरने वाचला आणि १९७३ मधे झेरॉक्सच्या लॅबमधे इथरनेट, म्हणजे वायरने कॉम्प्युटर जोडायची पद्धत, तयार झालं. त्यात भर पडली ती आधी ऐकायची, म्हणजे लाईनवर दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं. १९९७ ला वायफायचं पहिलं स्टँडर्ड आलं, स्पीड फक्त २ एमबीपीएस, पण पद्धत हीच: ऐका, थांबा, पाठवा, पोच नाही आली तर परत पाठवा.

आजही तुमच्या घरात हेच चालू असतं. टीव्ही, तीन मोबाईल, लॅपटॉप, कॅमेरा, सगळे एका चॅनलवर पाळीपाळीने बोलतात. शेजाऱ्यांचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर तुमचं डिव्हाइस त्यांच्यासाठी पण थांबतं, पासवर्ड वेगळा असला तरी! आणि लोकांना पटत नाही पण एखादा जुना मोबाईल लांबच्या खोलीत कमी स्पीडने डाउनलोड करत असेल तर तो चॅनलचा जास्त वेळ खातो आणि बाकी सगळ्यांचं पण स्लो होतं.

त्यामुळे टीव्ही आणि डेस्कटॉपला लॅन केबल लावा, वायफायवरची तेवढी गर्दी कमी होते, आमच्या मते सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात ठेवू नका. राउटरचे वायफाय बहुतेक दोन बँडवर असतात, ५ आणि २.४ गीगाहर्ट्झ; त्याच खोलीत बसून वापरताना ५ घ्या, भिंतीपलीकडे २.४ लांब पोचतं पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमधे ते भरलेलेच असतात.

स्पीड टेस्ट करताना लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि बाकी वापर थोडा वेळ बंद ठेवा. केबलवर पूर्ण येतंय आणि मोबाईलवर नाही तर वायफायचं बघावं लागेल, फोन करा, राउटरची जागा आणि चॅनल बदलून देतो. केबलवर पण कमी येत असेल तर प्रॉब्लेम आमच्या लाईनचा असू शकतो, तेव्हा लगेच कळवा, माणूस पाठवतो.