छाती आवळून बांधल्याने दूध आटत नाही

एचआयव्हीसह जगणाऱ्या आईने बाळाला अंगावर पाजायचं नाही असं ठरवलं, की सल्ला ठरलेला: छाती घट्ट बांध, पाणी कमी पी. दोन्ही चूक. आवळल्याने वेदना वाढतात, गाठी होतात, कधी स्तनदाहही होतो. बाळंतिणीला हा त्रास उगाच का द्यायचा? दूध तयार होतं प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे. कॅबरगोलिन हे औषध तेच रोखतं. प्रसूतीनंतर पहिल्या दिवसात सहसा १ मिलिग्रॅमचा एकच डोस डॉक्टर देतात. रक्तदाब वाढलेला असेल तर ते टाळतात, म्हणून आधी सांगाच.

आणि दूध आटवायलाच हवं, असंही नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित चालू असून विषाणू दबलेला असेल, तर स्तनपानातून संसर्गाचा धोका १ टक्क्याहून कमी असतो, शून्य मात्र नाही.