सेन्सर गप्प झाला, तर सॉफ्टवेअरने काय समजावे?

‘मशीनने आकडा दाखवला म्हणजे तो खराच’ हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांत मोजणीची उपकरणे सांभाळणारे इन्स्ट्रुमेंटेशनचे तंत्रज्ञ मात्र त्यावर सहसा विसंबत नाहीत. टाकीतील पाण्याची पातळी मोजणारा ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो: टाकी रिकामी असेल तर ४, अर्धी असेल तर १२, काठोकाठ भरली तर २०. मोजणी ४ पासून सुरू करण्याचे कारण मोठे सुंदर आहे. वायर तुटली की प्रवाह शून्यावर येतो. रिकामी टाकीही शून्यानेच दाखवली असती, तर सॉफ्टवेअरने टाकी रिकामी समजून पंप चालूच ठेवला असता. प्रवाह ३.६ च्या खाली गेला, तर बिघाड टाकीत नसून मोजणीत आहे, हे आता लगेच कळते. अशी तुटलेली वायर पॅनलवर बांधलेल्या लिंबू-मिरचीला ओळखता येत नाही, आणि ‘एआय सगळे सांभाळेल’ या जाहिरातीलाही नाही.

मोजलेला आकडा कोणता आणि बिघाडाचा संकेत कोणता, हाच फरक पुसला गेल्यामुळे ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे युरोपीय रॉकेट फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावल्यावर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक संगणकात आडव्या वेगाशी निगडित असलेली एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जात होती, ज्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ साठी लिहिलेल्या या प्रोग्रॅमला नव्या रॉकेटचा वेग झेपला नाही. चूक पकडली गेली, पण संगणकाने बिघाडाचा संकेत पाठवून स्वतःला बंद करून घेतले, आणि मुख्य संगणकाने तो संकेतच उड्डाणाची माहिती समजून इंजिनांचे नॉझल पार एका बाजूला वळवले. राखीव दिशादर्शक संगणक होता, परंतु त्यातही तोच प्रोग्रॅम असल्याने तो क्षणभर आधीच बंद पडला होता. खेदाची गोष्ट म्हणजे ही आकडेमोड उड्डाणानंतर लागतच नव्हती.

यंत्रणा बंद करणे सुरक्षित आहे की नाही, हे ती यंत्रणा कोणती आहे यावर ठरते. बॉयलरमधील पाण्याची पातळी कळेनाशी झाली तर इंधन तोडता येते. हवेत असलेल्या रॉकेटला थांबता येत नाही. म्हणूनच चौकशी मंडळाने नोंदवले की दिशादर्शक संगणकाने बंद न पडता आपला उत्तमात उत्तम अंदाज पुरवत राहायला हवे होते.