पार्श्वभूमी : मॅरेज व्हॅल्यू आणि 80 वर्षांची रेघ

लंडनच्या उच्च न्यायालयाने 24 ऑक्टोबर 2025 रोजी फ्रीहोल्डधारकांच्या, म्हणजे इमारत आणि जमिनीच्या मूळ मालकांच्या, सगळ्या याचिका फेटाळल्या. लीजहोल्ड म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घराचा हक्क; 2024 च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यातल्या तीन तरतुदींमुळे मालमत्तेच्या हक्कावर घाला येतो, असा त्यांचा दावा होता. तीनपैकी ग्राउंड रेंटची (फ्लॅटधारक मालकाला दरवर्षी देतो ते भाडे) आणि मालकाच्या कायदेशीर खर्चाची तरतूद समजायला सोपी आहे. घोळ आहे तो मॅरेज व्हॅल्यू या शब्दात.

फ्लॅटचे उरलेले लीज एकाकडे, खालची मालकी दुसऱ्याकडे. दोन्ही हक्क वेगवेगळे विकले तर कमी पैसे येतात, एकत्र आले की किंमत वाढते. ही वाढ म्हणजे मॅरेज व्हॅल्यू. समजा 70 वर्षे उरलेल्या फ्लॅटची किंमत 3 लाख पौंड आहे आणि लांब लीज असते तर ती 3 लाख 40 हजार झाली असती. मालकाच्या हक्काची किंमत 15 हजार, लीज वाढवल्यावर जवळपास शून्य. 40 हजारांतून 15 वजा केले की उरतात 25 हजार. त्यातले निम्मे मालकाला. म्हणजे 15 हजारांत होणारी लीजवाढ साडेसत्तावीस हजारांवर जाते.

या निम्म्याला आधार काय? मालक म्हणतात, ती वाढ आमच्याही हक्कातून येते. पण मुदत संपत आलेल्या फ्लॅटधारकाला दुसरा विक्रेताच नसतो. अडलेल्या माणसाकडून मिळणाऱ्या जादा पैशाला मालमत्ता म्हणायचे का, हा खरा प्रश्न आहे, आणि मला तरी त्याचे उत्तर 'नाही' असेच वाटते.

1967 च्या मूळ कायद्यात हा वाटा नव्हता. लीजवरच्या साध्या घरांत राहणाऱ्यांना जमिनीच्या हिशेबाने मालकी विकत घेता येई. लंडनच्या बेल्ग्रेव्हिया भागातल्या एका उमराव घराण्याच्या विश्वस्तांनी त्याला आव्हान दिले आणि 1986 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात ते हरले. 2025 च्या निकालामागे तो निकाल उभा आहे. दरम्यान 1974 मध्ये महागडी घरेही कायद्याखाली आली, त्यांच्यासाठी बाजारभाव आला आणि त्याच्या मागून मॅरेज व्हॅल्यू. 1993 मध्ये फ्लॅटधारकांना लीज वाढवून घेण्याचा हक्क मिळाला, पण मालकाचा वाटा निम्म्याहून कमी नाही या अटीवर. 2002 मध्ये तो नेमका निम्मा झाला आणि लीज 80 वर्षांहून जास्त उरले असेल तर शून्य.

त्या रेघेने लोकांच्या आयुष्याचे वेळापत्रक ठरवले. 81 वर्षे उरलेला फ्लॅट घ्यावा की नाही, घेतल्यावर लीज वाढवण्याची नोटीस कधी द्यायची, हे प्रश्न लंडनमध्ये घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनाही पडतात. मुंबईत सोसायटीचे सभासद होऊन आलेल्या माणसाला, स्वतःच्या फ्लॅटचे आयुष्य दरवर्षी एका वर्षाने घटते, हे पचायला वेळ लागतो. सोसायटीच्या जवळ जाणारी कॉमनहोल्ड पद्धत 2002 मध्येच कायद्यात आली, पण बिल्डरांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पुढच्या दोन दशकांत असे प्रकल्प वीसही झाले नाहीत.

मग दर दहा वर्षांनी दुप्पट होणाऱ्या ग्राउंड रेंटचे प्रकरण चिघळले. 30 जून 2022 पासून बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट बंद झाले. जुनी लीज तशीच राहिली.

2024 चा कायदा निवडणूक जाहीर झाल्यावर, संसद विसर्जित होण्याआधी घाईत 24 मे रोजी मंजूर झाला. लीजची वाढ 90 ऐवजी 990 वर्षांची, मॅरेज व्हॅल्यू शून्य. मात्र यातले फार थोडे लगेच लागू झाले. फ्लॅट घेऊन दोन वर्षे थांबण्याची अट 31 जानेवारी 2025 ला गेली. किमतीच्या तरतुदींसाठी आधी आकारणीचे दर ठरवणारे नियम हवेत, आणि निकाल लागल्यावरही त्या लगेच अमलात आल्या नाहीत. जानेवारी 2026 मध्ये सरकारने पुढच्या विधेयकाचा मसुदा मांडला. त्यात जुन्या लीजचे ग्राउंड रेंट वर्षाला 250 पौंडांवर रोखण्याचा प्रस्ताव आहे.

या सगळ्यात 80 वर्षांची रेघ मात्र जागेवरच राहिली. 82 वर्षे उरलेल्या फ्लॅटधारकाने नव्या हिशेबाची वाट पाहिली आणि तो लीज 80 च्या खाली जाईपर्यंत लांबला, तर जुन्या कायद्याने निम्मा वाटा त्याच्याकडूनच जाणार.